काही काउंटर जोडले जातात, काही नाहीत: वीज गेल्यानंतर सर्व्हरचा संपर्क तुटतो तेव्हा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात एक लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारा प्रोग्रॅम, आणि समोर काउंटरचे ११ विंडोज संगणक. सर्व्हरला १९२.१६८.१.५० हा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी पत्ता) हाताने बसवलेला आहे. दुपारी वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली, सगळं एकदम बंद पडलं. वीज आल्यावर सगळं आपोआप सुरू झालं, पण तेव्हापासून काही काउंटरवर प्रोग्रॅम उघडतो, काहींवर 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं आणि मधूनच कुठेतरी 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. सर्व्हरसमोर बसून पाहिलं तर डेटाबेस ठणठणीत चालतोय. तुम्ही केबल बदलली, नेटवर्कच्या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात तो स्विच बंद करून पुन्हा लावला, शेवटी सर्व्हरची फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी भिंत, तीसुद्धा बंद केली. स्विच बंद-चालू केला की थोडा वेळ बरं चालतं, मग पुन्हा तेच.

पुढचं वाचण्याआधी फायरवॉल परत चालू करा. तिचा या बिघाडाशी संबंध नाही, आणि सभासदांची खाती ज्या यंत्रावर आहेत ते एक दिवसही उघडं ठेवायचं नसतं. फायरवॉल अडवत असती तर तिने रोज, सगळ्यांना, सारखंच अडवलं असतं. घटकाभर आत घ्यायचं आणि घटकाभराने हाकलायचं, असं ती करत नाही.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला जवळजवळ खात्री वाटते की तुमच्या नेटवर्कवर १९२.१६८.१.५० हा पत्ता सध्या दोन यंत्रं वापरत आहेत. एक तुमचा सर्व्हर. दुसरं बहुधा वायफायवर असलेला कुणाचा तरी मोबाइल. हे मी कशावरून म्हणतो ते नीट सांगतो, कारण हे वाचन एकदा जमलं की पुढच्या वेळी तुम्हाला कुणाला विचारायची गरज पडणार नाही.

पडद्यावरच्या दोन वाक्यांकडे पाहा. बहुतेक लोक दोन्हींचा अर्थ 'जोडलं जात नाही' एवढाच घेतात आणि केबलकडे धावतात. पण 'रिफ्यूज्ड' म्हणजे स्पष्ट नकार. तुमच्या काउंटरने पाठवलेलं जोडणीचं पहिलं पाकीट (पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा) कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोहोचलं, त्या यंत्राने ते वाचलं आणि 'या पोर्टवर माझ्याकडे कुणी ऐकत नाही' असं उत्तर परत पाठवलं. पोर्ट म्हणजे यंत्रातल्या एकेका प्रोग्रॅमचा दार-क्रमांक. म्हणजे केबल ठीक, स्विच ठीक, वाट ठीक. विंडोज असा नकार आल्यावरही एक-दोनदा पुन्हा प्रयत्न करतं, म्हणून संदेश दिसायला सेकंद-दोन सेकंद लागतात; तरी तो लवकर दिसतो. 'टाइम्ड आउट' म्हणजे शांतता. पाकीट गेलं, उत्तर आलंच नाही. विंडोज पुन:पुन्हा पाठवून पाहतं, दर वेळी दुप्पट थांबतं आणि साधारण २१ सेकंदांनी नाद सोडतं. घड्याळ लावून पाहिलंत तरी हे दोन प्रकार वेगळे ओळखता येतात.

आता तुमच्याकडची विसंगती बघा. सर्व्हरवर डेटाबेस चालू आहे, ५४३२ या पोर्टवर ऐकतो आहे आणि त्याच वेळी शेजारचे दोन काउंटर त्याच्याशी बोलतही आहेत. मग तिसऱ्या काउंटरला 'इथे कुणी ऐकत नाही' असं सांगणारा कोण? तो तुमचा सर्व्हर नाही. त्याच पत्त्यावर दुसरं कुणीतरी उत्तर देतंय, आणि त्या दुसऱ्याकडे पोस्टग्रेस नाही. तोच दुसरा कधी नकार देतो आणि कधी गप्प बसतो, म्हणजे तो अधूनमधून झोपतो. तारेने जोडलेलं यंत्र सहसा असं वागत नाही. पडदा बंद झाला की वायफाय आखडतं घेणारा मोबाइल असंच वागतो.

हा पत्ता त्याला मिळाला कसा? तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी नावाचं पान असेल. नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटण्याचं काम तिथे चालतं, आणि वाटायच्या पत्त्यांची एक रेंज ठरलेली असते. छोट्या कार्यालयांत बसवलेल्या राउटरवर ही रेंज पुष्कळदा १९२.१६८.१.२ पासून २५४ पर्यंत पसरलेली असते, कारण कारखान्यातून तशीच येते आणि कुणी बदलत नाही. ज्याने तुमचा सर्व्हर बसवला त्याने त्याला ५० क्रमांक दिला, पण राउटरला ते सांगितलं नाही. ५० क्रमांक सर्व्हरचाही आणि वाटायच्या यादीतलाही, अशी ही मांडणी पहिल्या दिवसापासून चुकलेलीच होती. इतके दिवस ती निभावली, एवढंच.

निभावली कशी, तेही पाहण्यासारखं आहे. डीएचसीपीचा १९९७ चा नियम असं सुचवतो की पत्ता देण्याआधी वाटणाऱ्याने तो वापरात नाही ना, हे एकदा तपासून पाहावं. तुमचा राउटर ते करत असेल, तर सर्व्हर चालू असताना ५० क्रमांकावरून उत्तर येतं आणि तो पत्ता टाळला जातो. शिवाय कोणाला कोणता पत्ता दिला याची आठवण राउटरकडे असते. वीज गेली तेव्हा दोन्ही गोष्टी कोसळल्या. पुष्कळ स्वस्त राउटर ही यादी फक्त चालू स्मृतीत ठेवतात, म्हणजे वीज गेली की यादी गेली. आणि वीज परत आल्यावर राउटर मिनिटभरात उभा राहतो, तर सर्व्हरला स्मृती तपासायला, डिस्का जागवायला, अवेळी बंद पडल्यामुळे फाइल सिस्टम पडताळायला कित्येक मिनिटं लागतात. त्या मधल्या वेळात सगळ्यांचे मोबाइल वायफायवर परत येतात आणि पत्ता मागतात. राउटर विचारतो, '५० वर कुणी आहे का?' सर्व्हर अजून उठतोय, उत्तर येत नाही. राउटर ५० देऊन टाकतो. तीन मिनिटांनी सर्व्हर उभा राहतो आणि त्याच्या फाइलमध्ये लिहिलेला ५० निमूटपणे घेतो. विंडोज अशा वेळी पत्त्याची टक्कर झाल्याचा इशारा देतं. लिनक्स सर्व्हरवर हाताने बसवलेल्या पत्त्याची अशी तपासणी अनेक मांडणींमध्ये मुळात चालूच नसते, म्हणून तुम्हाला सर्व्हरवर काहीच वावगं दिसलं नाही.

आता कधी चालतं, कधी नाही, असं का, ते. एकाच स्विचवरची यंत्रं एकमेकांना आयपी पत्त्याने गाठत नाहीत, मॅक अ‍ॅड्रेसने गाठतात. तो नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, अक्षर-अंकांच्या सहा जोड्यांचा. काउंटरला ५० शी बोलायचं असलं की तो सगळ्यांना ओरडून विचारतो, '१९२.१६८.१.५० कोण आहे?' ज्याचा तो पत्ता असेल तो 'मी, आणि माझा मॅक हा' म्हणून सांगतो. या विचारपुशीला एआरपी म्हणतात आणि तिचा नियम १९८२ पासून तोच आहे. तुमच्याकडे या हाकेला दोघे 'मी' म्हणतात. काउंटर त्यातलं एक उत्तर आपल्या टेबलात लिहून ठेवतो. ही नोंद विंडोजमध्ये साधारण १५ ते ४५ सेकंद ताजी मानली जाते. बोलणं व्यवस्थित सुरू असेल तर ती टिकून राहते. मध्ये खंड पडला की पुन्हा हाक. म्हणून ज्या काउंटरवर सतत काम चालू आहे तो तग धरतो आणि चहाला उठलेल्या माणसाचा काउंटर परत आल्यावर अडकतो. तुमच्याकडे असंच घडतंय का, हे काउंटरवरच्या लोकांना विचारून पाहा.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. मूळ नियमच असा आहे की एखादं यंत्र दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारत असेल आणि त्या हाकेत त्याने आपला पत्ता सांगितला असेल, तर ऐकणाऱ्याने आपल्या टेबलातली त्या पत्त्याची जुनी नोंद त्यावरून सुधारावी. तुमचा मोबाइल जागा होतो आणि राउटरला शोधायला हाक मारतो: 'मी ५०, राउटर कुठे आहे?' ती हाक काउंटरही ऐकतात आणि ज्यांची नोंद सर्व्हरकडे होती तीही बदलू शकते. स्विच बंद-चालू केल्यावर थोडा वेळ चालण्याचं कारणही यातच आहे. तार तुटली की विंडोज टेबल पुसतं, नव्याने विचारतं, आणि त्या क्षणी मोबाइल झोपलेला असला तर एकटा सर्व्हर उत्तर देतो. पुढे मोबाइल जागा होईपर्यंत सगळं सुरळीत.

एवढं सगळं अंदाजाने झालं. आता पुरावा, कारण पुराव्याशिवाय सेटिंगला हात लावायचा नाही.

सगळ्यात सोपा पुरावा पिंगच्या वेळेत आहे. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला 'आहेस का?' विचारून उत्तराला किती वेळ लागला ते दाखवणारी आज्ञा. न जोडल्या जाणाऱ्या काउंटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'पिंग' लिहून पुढे सर्व्हरचा पत्ता द्या, शेवटी जागा सोडून 'डॅश टी' जोडा म्हणजे ते थांबवेपर्यंत चालू राहील. त्याच स्विचवर तारेने जोडलेला सर्व्हर असेल तर वेळ जवळजवळ नेहमी १ मिलिसेकंदाहून कमी दिसेल. मध्येच ८, ४०, १५० असे उड्या मारणारे आकडे दिसू लागले, तर उत्तर वायफायवरून येतंय असं समजा. 'पिंग येतो, म्हणजे सर्व्हर दिसतोय' हा समज इथेच सोडा. पिंगला उत्तर कोण देतंय हे पिंग सांगत नाही. मोबाइलही पिंगला तितक्याच आनंदाने उत्तर देतो.

त्या पिंगनंतर लगेच 'एआरपी' लिहून जागा सोडून 'डॅश ए' द्या. यादीत ५० समोर जो मॅक दिसेल तो कागदावर उतरवा. हेच चांगल्या चालणाऱ्या काउंटरवर करा. मग सर्व्हरवर 'आयपी लिंक' ही आज्ञा देऊन त्याचा खरा मॅक बघा. तिन्ही सारखे नसतील तर निकाल लागला. अडलेल्या काउंटरवरच्या मॅकचा दुसरा अंक किंवा अक्षर खास बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो क्रमांक कारखान्यातून आलेला नाही, यंत्राने स्वतः बनवलेला आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक वायफायवर असा बनवलेला मॅक वापरतात. तसा क्रमांक दिसला की मोबाइलचा संशय बळावतो. तसा नसेल तर पहिल्या तीन जोड्यांवरून कार्ड बनवणारी कंपनी शोधता येते, मग प्रिंटर आहे की सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हे कळतं.

सर्व्हरवरून थेट विचारायचं असेल तर 'आर्पिंग' नावाची छोटी आज्ञा आहे. तिला 'डॅश मोठा डी' हा पर्याय, 'डॅश मोठा आय' पुढे कार्डाचं नाव आणि शेवटी स्वतःचाच पत्ता द्या. ती नेटवर्कला विचारते, 'माझा पत्ता आणखी कुणाकडे आहे का?' एकही उत्तर यायला नको. आलं, तर त्यात त्या दुसऱ्याचा मॅक असतो. पण मोबाइल त्या घडीला झोपलेला असला तर उत्तर येणार नाही, म्हणून हे दिवसा, माणसं कार्यालयात असताना, चार-पाच वेळा करून पाहा.

संध्याकाळी रोजकीर्द बंद झाल्यावर, सगळ्यांना प्रोग्रॅममधून बाहेर काढून, कोणतीही आज्ञा पाठ नसतानाही करता येणारी परीक्षा म्हणजे सर्व्हरची नेटवर्क केबल काढून ठेवणं आणि काउंटरवरून ५० ला पिंग करणं. उत्तर आलं तर ते कुणाचं तरी दुसऱ्याचंच. इथे विंडोजचा एक फसवा भाग आहे. कुणीच उत्तर देत नसेल तर विंडोज काही वेळा स्वतःच्याच पत्त्यावरून 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं लिहितं, आणि खालच्या गोळाबेरजेत त्यालाही 'मिळालेलं उत्तर' धरून 'लॉस्ट ०' दाखवतं. मी अनुभवी माणसांनाही या शून्यावर विश्वास ठेवून तासभर चुकीच्या दिशेला जाताना पाहिलं आहे. खालचा शून्य वाचू नका, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कुणाचा पत्ता आहे तो वाचा.

दोषी सापडवायला राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. तिथे ५० समोर यंत्राचं नावही बहुधा दिसेल. नाव नसेल तर पिंग चालू ठेवून राउटरचं वायफाय दोन मिनिटं बंद करा. आकडे एकदम १ मिलिसेकंदाखाली स्थिर झाले आणि काउंटर जोडले गेले, तर शोध संपला. फरक पडला नाही तर स्विचमधली एकेक तार काढून पाहा.

दुरुस्ती करताना सर्व्हरचा पत्ता बदलायचा मोह होईल. तो बदलू नका. ११ काउंटरच्या सेटिंगमध्ये, बॅकअपच्या वेळापत्रकात आणि कदाचित शाखांच्या जोडणीतही तो ५० लिहिलेला आहे. एक जागा राहिली तरी पुढच्या महिन्यात नवी रात्र जागवेल. बदलायची आहे ती राउटरची रेंज. ती १०० ते १९९ अशी करा. २ ते ९९ हे पत्ते मग हाताने बसवायच्या यंत्रांसाठी राखीव राहतात: सर्व्हर, प्रिंटर, डीव्हीआर, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र. हाताने पत्ता दिलेलं दुसरं काही १०० च्या पुढे बसवलेलं असेल तर ते आधी शोधून खाली आणा, नाहीतर हाच घोळ तुम्ही नव्या जागी हलवाल. ज्या मोबाइलकडे ५० आहे तो केवळ रेंज बदलून तो सोडणार नाही. मिळालेल्या पत्त्याला मुदत असते, अनेक राउटरवर २४ तासांची, आणि ती संपेपर्यंत तो हक्क सांगत राहतो. म्हणून राउटर पुन्हा सुरू करा, त्या मोबाइलवर हे वायफाय 'विसरून' नव्याने जोडा आणि त्याला १०० च्या वरचा पत्ता मिळाल्याचं डोळ्यांनी पाहा. मग सगळे काउंटर एकदा बंद करून सुरू केले की त्यांचं जुनं टेबल जातं.

यानंतर मात्र एक काम टाळू नका. कर्मचाऱ्यांचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मोबाइल ज्या वायफायवर आहेत तेच नेटवर्क सभासदांच्या ठेवींचा हिशेब वाहतं आहे, ही गोष्ट मला या बिघाडापेक्षा जास्त टोचते. आज एका मोबाइलने नकळत सर्व्हरचा पत्ता घेतला आणि काम अडलं. असाच पत्ता कुणी जाणूनबुजून घेतला असता तर काउंटरनी आपली लॉगिनची नावं आणि पासवर्ड त्याच्या हाती दिले असते. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करायची सोय असते. ते चालू करून आतल्या यंत्रांपर्यंत न पोहोचण्याचा पर्याय निवडा आणि मोबाइल तिकडे न्या. सोय नसेल तर एक वेगळा छोटा राउटर आणा. खर्च फार नाही. संचालक मंडळाला समजावताना हेच कारण सांगा.

समजा, दोन्हीकडचे मॅक तंतोतंत जुळले आणि माझा अंदाज चुकला. मग दुसरा संशय पोस्टग्रेसवरच. त्याच्या सेटिंगमध्ये कोणत्या पत्त्यावर ऐकायचं ते लिहिलेलं असतं. कुणी तिथे 'लोकलहोस्ट' (सर्व्हरचा फक्त स्वतःपुरता पत्ता, १२७.०.०.१) आणि १९२.१६८.१.५० असे दोन पत्ते लिहिले असतील, आणि वीज आल्यावर स्विच जागा व्हायच्या आधी सर्व्हर उठला असेल, तर त्या क्षणी ५० हा पत्ता कार्डावर चढलेलाच नसतो. पोस्टग्रेस त्यावर ऐकू शकत नाही, लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या घडामोडींच्या नोंदवहीत, एक इशारा लिहून ठेवतो आणि उरलेल्या लोकलहोस्टवर सुरू होतो. सर्व्हरसमोर बसलेल्याला सगळं चालू दिसतं, बाहेरच्या प्रत्येकाला नकार. सर्व्हरवर 'एसएस' या आज्ञेला 'डॅश एलटीएन' जोडून पाहा. ५४३२ च्या आधी फक्त १२७.०.०.१ दिसलं तर हाच रोग. पोस्टग्रेस पुन्हा सुरू केला की लगेच बरं वाटेल, पण पुढच्या वेळी वीज गेली की परत होईल. कायमचा उपाय म्हणजे नेटवर्क पूर्ण उभं राहिल्यावरच डेटाबेस सुरू व्हावा अशी सिस्टमडीमध्ये (लिनक्समध्ये काय कधी सुरू करायचं ते सांभाळणारा भाग) अट घालणं, किंवा सगळ्या पत्त्यांवर ऐकायला सांगून कुणाला आत घ्यायचं ते फायरवॉल आणि पोस्टग्रेसच्या परवानगीच्या फाइलवर सोपवणं. तुमच्या प्रश्नात काही काउंटर चालतात असं आहे, म्हणून मी हा संशय दुसऱ्या क्रमांकावर ठेवला.

सगळ्यांनाच शांतता मिळत असेल, कुणालाच नकारही नाही, तर पाकीट सर्व्हरपर्यंत येतं का हे 'टीसीपीडम्प' या, ये-जा करणारी पाकिटं दाखवणाऱ्या आज्ञेने सर्व्हरवर बघा. ५४३२ पोर्टवर कान लावायचा आणि काउंटरवरून प्रयत्न करायचा. काहीच दिसलं नाही तर बिघाड वाटेत आहे. पाकीट येताना दिसतं पण उत्तर जात नाही, तर सर्व्हरची फायरवॉल. उत्तर जातं पण काउंटरपर्यंत पोहोचत नाही, तर परतीची वाट, म्हणजे बहुधा सबनेट मास्क (कोणते पत्ते आपल्याच नेटवर्कचे हे सांगणारी सेटिंग) किंवा गेटवे (बाहेर जायच्या दाराचा पत्ता) चुकीचा. उबुंटू लिनक्सची यूएफडब्ल्यू ही फायरवॉल नको असलेलं पाकीट मुकाट्याने टाकून देते, म्हणून शांतता. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सची फायरवॉलडी नकार कळवते, आणि लिनक्सच्या संगणकावर तो 'नो रूट टू होस्ट' असा दिसतो. वाट अगदी नीट असतानाही. त्या संदेशामागे लागून लोक राउटर बदलतात.

केबलबद्दल थोडंच सांगतो. सर्व्हरवर 'एथटूल' या आज्ञेने नेटवर्क कार्डाचा वेग बघा. गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटच्या वेगाला, तारेच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. आजवर १००० दाखवणारं कार्ड आता १०० वर आलं असेल तर एखादी तार उंदराने कुरतडली आहे किंवा टोकाचं क्रिम्पिंग ढिलं झालं आहे. ते काम अडवणार नाही, पण पावसाळ्याआधी बदलून घ्या.

आणि सर्व्हरची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपलेला असेल तर वीज पूर्ण गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. इंटरनेट असेल तर ते स्वतःला सुधारतं, नसेल तर नाही. चुकीच्या तारखेला सुरक्षित जोडण्यांची प्रमाणपत्रं अमान्य ठरतात आणि तेही 'कनेक्शन फेल्ड' असंच दिसतं. पतसंस्थेत तर त्याहून वाईट, व्यवहारांवर चुकीची तारीख पडते. त्या दिवशी वीज आल्यानंतर नोंदलेल्या पहिल्या काही पावत्यांच्या तारखा आजच तपासा.

यूपीएसवर फक्त सर्व्हर असेल तर राउटर आणि स्विचही त्यावर घ्या. त्यांना वीज फार कमी लागते. आपल्याकडे वीज परतताना दोन-तीन वेळा ये-जा करते, आणि सर्व्हरच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज येताच सुरू व्हा' असं असेल तर तो अर्धवट उठून पुन्हा पडतो. पोस्टग्रेस अशा पडझडीतून आपल्या नोंदींच्या आधारे स्वतःला सावरतो, पण डिस्क सावरेलच असं नाही. बायोसमधली ती आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवा. यूपीएसची यूएसबी तार सर्व्हरला जोडून 'नट' हा मोफत प्रोग्रॅम बसवला तर बॅटरी संपत आली की सर्व्हर शहाण्यासारखा बंद होतो. मग वीज स्थिरावल्यावर आधी स्विच आणि राउटर, नंतर सर्व्हर, शेवटी काउंटर असं हाताने सुरू करा.

उद्या सकाळी कार्यालय उघडायच्या अर्धा तास आधी या. कुणाचेही मोबाइल वायफायवर यायच्या आत सगळे काउंटर जोडले जातात का बघा, आणि माणसं येऊ लागल्यावर कितव्या मिनिटाला पहिला काउंटर अडकतो ते लिहून ठेवा. अडकलेल्या त्या काउंटरवरचा मॅक, सर्व्हरचा मॅक, आणि पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये वीज आल्यानंतर लिहिल्या गेलेल्या पहिल्या ५० ओळी एवढं मला पाठवा. मॅक वेगळे असतील तर लॉग पाठवायचीही गरज नाही, थेट राउटरची रेंज बदलायला घ्या.